पोर्ट बैकाल : बहात्तराव्या किलोमीटरपासून सुरू होणारी रेल्वे

आडस्टेशन

नमस्कार मंडळी. ट्रान्स-सैबेरियन म्हटलं की मॉस्को, इर्कुत्स्क, व्लादिवोस्तोक ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. मला लिहायचंय ते पोर्ट बैकाल या लहानशा वस्तीबद्दल. लोकसंख्या चारशेच्या आसपास. बाहेरून गावात यायला धड रस्ता नाही. यायचं तर समोरच्या लिस्तव्यांकाहून फेरीबोटीने, नाहीतर सरोवराच्या दक्षिण टोकाकडच्या स्ल्युद्यांकाहून रखडत येणाऱ्या गाडीने. ती गाडी इथे येऊन थांबते, कारण पुढे रूळच नाहीत. आणि तरीही जवळजवळ पन्नास वर्षं मॉस्कोहून पॅसिफिककडे जाणाऱ्या गाड्या याच गावावरून जात होत्या. असं कशामुळे झालं, ते सांगण्यासाठी हा धागा.

आधी भूगोल, कारण या गावाचं सगळं नशीब भूगोलानेच ठरवलंय. बैकाल सरोवर ६३६ किलोमीटर लांब आहे आणि त्याची सर्वांत जास्त खोली १,६४२ मीटर. त्याला येऊन मिळणाऱ्या नद्या तीनशेच्या वर आहेत, पण बाहेर पडणारी नदी एकच, अंगारा. सरोवराच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर ती जिथून निघते तिथे पात्र साधारण किलोमीटरभर रुंद आहे. उजव्या तीरावर लिस्तव्यांका, डाव्या तीरावर पोर्ट बैकाल. इर्कुत्स्क शहर तिथून नदीने खाली सत्तरेक किलोमीटरवर.

रेल्वे पश्चिमेकडून इर्कुत्स्कला पोचली १८९८ मध्ये. तिथून अंगाराच्या डाव्या काठाने सरोवरापर्यंत फाटा काढणं फार अवघड नव्हतं. नदीकाठची जमीन होती, चढ सौम्य होता. १९०० मध्ये हा मार्ग सुरू झाला आणि नदी संपून सरोवर सुरू होतं त्या कोपऱ्यावर स्टेशन उभं राहिलं. नाव साधंच, बैकाल. त्याच्यापुढे मात्र रुळांना जागाच नव्हती. डोंगराचे कडे थेट पाण्यात उतरलेले. पुढची लाइन सरोवराच्या पलीकडच्या किनाऱ्यावरून, मिसोवायापासून सुरू होत होती. मधे पाणी.

म्हणून आख्खी गाडीच बोटीवर चढवायचं ठरलं. इंग्लंडात न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ कंपनीने ‘बैकाल’ नावाची बर्फफोडी फेरीबोट बांधली. ती सुटी करून हजारो भागांत सैबेरियात आणली आणि लिस्तव्यांकाच्या काठावर पुन्हा जोडली. १८९९ मध्ये ती पाण्यात उतरली, १९०० पासून चालू झाली. डेकवर रुळांच्या तीन रांगा, त्यावर दोन डझन डबे उभे राहत. सोबतीला ‘अंगारा’ नावाची लहान बोट, ती उतारू आणि सुटा माल नेई. हवा चांगली असली तर पलीकडे जायला चारेक तास लागत. वादळात मात्र बोटी धक्क्यालाच बांधून ठेवाव्या लागत, आणि ऐन हिवाळ्यात बर्फ इतका जाड होई की ‘बैकाल’लाही तो फोडता येत नसे. मग उतारू आणि माल घोड्यांच्या स्लेजवरून पलीकडे जात.

सरोवराला वळसा घालणारी लाइन बांधायला १८९९ मध्येच सुरुवात झाली होती. डोंगरावरून जायचे पर्यायही तपासले होते, पण शेवटी किनाऱ्याचाच मार्ग निवडला. पोर्ट बैकाल ते कुल्तुक हा ८४ किलोमीटरचा टप्पा सगळ्यांत कठीण. बोगदेच चाळीसच्या जवळपास, सगळ्यांत लांब ७७८ मीटरचा, पोलोविन्नी भूशिराखालून जाणारा. लहानमोठे पूल अडीचशेच्या घरात. शिवाय दरडी अडवायला बांधलेल्या दगडी भिंती आणि गॅलऱ्या, म्हणजे रुळांवरची दगडी छपरं. किनाऱ्याला रस्ता नव्हता, त्यामुळे सिमेंट, लोखंड, अन्नधान्य, सुरुंगाची दारू, सगळं उन्हाळ्यात होड्यांनी आणि हिवाळ्यात बर्फावरून यायचं. कामगार रशियातून आले, कैदी होते, आणि दगडकामाला इटालियन गवंडी. त्यांनी बांधलेल्या एका भिंतीला आजही ‘इटालियन भिंत’ म्हणतात.

१९०४ मध्ये त्यावरून कामापुरत्या गाड्या धावू लागल्या, १९०५ च्या ऑक्टोबरमध्ये लाइन रीतसर चालू झाली. पुढे १९११ पासून शेजारून दुसरा मार्ग, म्हणजे रुळांची दुसरी जोडी, घालायचं काम झालं. रशियाच्या पोलादी पट्ट्याचं सोन्याचं बक्कल, असं या टप्प्याला तेव्हापासून म्हणतात. पोर्ट बैकाल त्या टप्प्याचं पहिलं स्टेशन. धक्का, बोटदुरुस्ती, रेल्वे कर्मचाऱ्यांची लाकडी घरं, असं गाव डोंगराच्या घळ्यांत पसरत गेलं.

आणि मग १९५० मध्ये इर्कुत्स्कला अंगारावर धरण बांधायला घेतलं. पहिलं जनित्र १९५६ च्या अखेरीस चालू झालं. धरणाचा फुगवटा मागे सरकत थेट सरोवरापर्यंत पोचला, इतका की खुद्द बैकालची पातळी मीटरभर वाढली. इर्कुत्स्क ते पोर्ट बैकाल ही नदीकाठची लाइन पाण्याखाली जाणार हे उघड होतं. तिच्याऐवजी इर्कुत्स्कहून डोंगर ओलांडून सरळ स्ल्युद्यांकाला उतरणारी नवी लाइन तयार झाली आणि सगळी वाहतूक तिकडे वळली. किनाऱ्याची लाइन उरली, पण एका टोकाला तुटलेली. त्या तुटलेल्या टोकावर पोर्ट बैकाल.

माझं म्हणणं असं आहे की गावाची वाट लावणारी हीच गोष्ट पुढे त्या लाइनला वाचवणारी ठरली. मुख्य मार्ग राहिली असती तर तिच्या कमानी, दगडी तोंडं, गॅलऱ्या केव्हाच पाडून रुंद केल्या असत्या. आज ती जवळजवळ होती तशी उभी आहे. पण किंमत गावाने मोजली, आणि पर्यटकांसाठी लिहिलेल्या माहितीत याचा उल्लेख फार क्वचित दिसतो.

ब्रॉडगेज

छान विषय काढलात. घाट सेक्शनला नोकरी झाल्याने थोडं लिहितो.

धरण झालं नसतं तरी ती लाइन मुख्य मार्ग म्हणून टिकली नसती, असं माझं स्पष्ट मत आहे. कड्याच्या पोटातून किनारा धरत जाणारी लाइन म्हणजे वळणावर वळण. वेग वाढवता येत नाही, लांब मालगाड्या घेता येत नाहीत. वरून दरडींची टांगती तलवार. प्रत्येक पट्ट्यात पेट्रोलिंगची माणसं ठेवावी लागतात. या लाइनवर तर थोड्या थोड्या अंतरावर चौकीदारांची घरं होती, आणि दर वसंतात बर्फ वितळायला लागला की दगड सुटायचे. महायुद्धानंतर सैबेरियातली मालवाहतूक ज्या प्रमाणात वाढली, तिला हा मार्ग पुरलाच नसता.

डोंगरावरच्या नव्या लाइनलाही तिचं दुखणं आहेच. आंद्रियानोव्स्काया खिंडीतून ती बैकालकडे उतरते तो उतार चांगलाच तीव्र आहे आणि मालगाड्यांना मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावावी लागतात. कसारा आणि कर्जतवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. पण विजेवर चालणारी इंजिनं हाताशी आली होती, म्हणून तो चढ परवडला. १९०० साली वाफेच्या इंजिनांच्या जिवावर सपाट किनारा निवडणं बरोबर होतं, १९५० साली डोंगर निवडणंही बरोबर होतं. धरणाने निर्णय लवकर घ्यायला लावला इतकंच.

आडस्टेशन

@ब्रॉडगेज काका, मुख्य मार्ग हलला असता हे पटतं. पण मुख्य मार्ग हलणं वेगळं आणि मागचा रस्ता बुडणं वेगळं. मुख्य मार्ग हलला असता तरी इर्कुत्स्कशी ७२ किलोमीटरची सरळ लाइन राहिली असती. सकाळच्या लोकलने शहरात जायचं, दवाखाना, कॉलेज, बाजार करून संध्याकाळी परत यायचं, असं गाव ते झालं असतं. ते गेलं. आता रेल्वेने इर्कुत्स्कला जायचं म्हणजे आधी उलट्या दिशेने स्ल्युद्यांका आणि मग डोंगर चढून शहर. मी गावाच्या बाजूने बोलतोय.

जुनी_मुंबई

ट्रान्स-सैबेरियनचा आणि मुंबईचा एक धागा इथे जोडतो. या रेल्वेच्या कामाची औपचारिक सुरुवात मे १८९१ मध्ये व्लादिवोस्तोकला युवराज निकोलाय, म्हणजे पुढचा झार दुसरा निकोलाय, याच्या हस्ते झाली. तो तिथे समुद्रमार्गे पोचला होता, पूर्वेच्या मोठ्या दौऱ्याच्या शेवटी. त्याच दौऱ्यात डिसेंबर १८९० मध्ये तो मुंबईला उतरला होता. बरोबर धाकटा भाऊ गिओर्गी होता. मुंबईत त्याची तब्येत बिघडली आणि त्याला तिथूनच मायदेशी परत पाठवावं लागलं. निकोलाय पुढे भारत फिरून, सिंहलद्वीप आणि जपान करून व्लादिवोस्तोकला गेला. तेरा वर्षांनी त्याच जपानशी लढायला सैन्य नेताना त्याच्याच रेल्वेची बैकालपाशी कोंडी झाली.

मेघना_ठाणे

ती कोंडी नेमकी कशी होती? वळसा घालणारी लाइन १९०४ मध्ये कामापुरती चालू झाली म्हणता, पण युद्ध तर त्या वर्षाच्या सुरुवातीलाच भडकलं ना?

आडस्टेशन

@मेघना_ठाणे ताई, नेमका प्रश्न. युद्ध सुरू झालं फेब्रुवारी १९०४ मध्ये. सरोवर गोठलेलं, फेरीबोटी बंद, किनाऱ्याची लाइन अर्धवट. सैन्य, तोफा, डबे आणि इंजिनं पूर्वेला हवी होती. तेव्हा रेल्वेमंत्री प्रिन्स मिखाईल खिल्कोव्ह स्वतः बैकालवर येऊन बसला. हा माणूस वेगळा होता. घराणं सरदाराचं, पण तरुणपणी अमेरिकेला जाऊन रेल्वेत साध्या कामगारापासून सुरुवात केलेली. त्याने बर्फावरच रूळ टाकायचे ठरवले. बैकाल स्टेशनपासून पलीकडच्या तान्खोयपर्यंत, चाळीसहून जास्त किलोमीटर.

चाचणीला नेलेलं इंजिन बर्फ फुटून तळाला गेलं. त्यानंतर चालत्या इंजिनाचा नाद सोडला. डबे एकेक करून घोड्यांनी ओढत नेले. इंजिनं सुटी केली आणि त्यांचे भाग वेगवेगळ्या गाड्यांवर घालून नेले, म्हणजे वजन एका जागी पडणार नाही. साठाहून जास्त इंजिनं आणि दोन हजारांहून जास्त डबे या पद्धतीने पलीकडे गेले. सैनिक चालत गेले. वाटेत बर्फावरच उबदार बराकी उभारल्या होत्या, तिथे थांबून गरम खायचं आणि पुढे निघायचं.

खरा त्रास तापमानातल्या चढउताराचा होता. रात्री थंडी वाढली की बर्फ आकसतो आणि प्रचंड आवाज करत लांबच लांब भेग पडते. दुसऱ्या दिवशी रूळ वाकडे. त्यामुळे पूर्ण मार्गावर माणसं सतत फिरत असत, भेगा बघत, रूळ सरळ करत. हे सगळं उणे वीस-तीस तापमानात, मोकळ्या सरोवरावरच्या वाऱ्यात. आणि हे चालू असतानाच शेजारच्या कड्यांत बोगद्यांचे सुरुंग उडत होते, कारण वरून हुकूम होता की लाइन त्याच वर्षी पुरी झाली पाहिजे.

रानपाखरू

थोडी निसर्गाची भर. बैकाल जानेवारीत गोठतं आणि एप्रिलअखेर ते मे महिन्यात मोकळं होतं. पण पोर्ट बैकालच्या दारातलं पाणी, म्हणजे अंगाराचा उगम, कधीच पूर्ण गोठत नाही. सरोवराच्या खालच्या थरांतलं पाणी वरच्या थरापेक्षा किंचित उबदार असतं. उगमाशी तळ चढत येतो, तिथे ते वर ओढलं जातं, आणि प्रवाहाला वेगही असतो. त्यामुळे सगळीकडे पांढरं असताना काही किलोमीटरचा पट्टा काळा, वाहता राहतो, वर वाफ. हजारो बदकं तिथे हिवाळा काढतात. इतक्या थंडीत उघडं पाणी सहसा मिळत नाही.

उगमाच्या मधोमध एक खडक आहे, शमान शिळा. स्थानिक बुर्यात लोकांना तो पूज्य. धरणाआधी तो पाण्याबाहेर चांगला ठसठशीत दिसायचा. आता वरचा माथाच दिसतो. गावाचे रूळ ज्या पाण्याने नेले, त्याच पाण्यात तोही बुडाला.

पायवाट

मी या लाइनवरून गेलोय, उन्हाळ्यात. स्ल्युद्यांकाहून निघणाऱ्या साध्या गाडीने, पर्यटकांच्या खास गाडीने नव्हे. तिथले लोक तिला प्रेमाने ‘मतान्या’ म्हणतात. रोज नसते, आठवड्यातले ठरावीक दिवस. डब्यात बटाट्याची पोती, पावाच्या पिशव्या, रोपांचे खोके, कुत्री. वाटेतल्या वस्त्यांना दुसरी सोयच नाही, त्यामुळे ही गाडी म्हणजे त्यांचं किराणा दुकानही आणि टपालही.

मला सांगायची गोष्ट आहे ती किलोमीटरच्या खांबांची. या लाइनवर बऱ्याच थांब्यांना नाव म्हणून नुसता आकडा आहे. ‘तुम्ही कुठे उतरणार?’ विचारलं तर माणूस ‘अठ्ठ्याण्णव’ म्हणतो, ‘एकशे दोन’ म्हणतो. पोलोविन्नाया म्हणजे ११०, मारितुय म्हणजे १२०च्या आसपास, कुल्तुक १५६. आणि पोर्ट बैकालच्या स्टेशनावर आकडा आहे ७२. मोजणी इर्कुत्स्कपासूनची, जुन्या नदीकाठच्या लाइनची. ती लाइन जाऊन साठहून जास्त वर्षं झाली, पण आकडे कोणी बदलले नाहीत. शून्य ते एकाहत्तर असे खांब कुठेच नाहीत. स्टेशनच्या आवारात त्या खांबाजवळ थांबून मी नदीच्या दिशेला पाहिलं, तर रूळ थोडे पुढे जातात, गवतात शिरतात आणि संपतात.

स्टेशनच्या लाकडी इमारतीत छोटं संग्रहालय आहे, जुने कंदील, टेलिग्राफची यंत्रं, फोटो. चुकवू नका. आणि २०१८ च्या ऑगस्टपर्यंत रशियन रेल्वेची सगळी घड्याळं मॉस्कोच्या वेळेवर चालत. बैकालकाठी दुपारचे तीन वाजलेले असताना स्टेशनच्या घड्याळात सकाळचे दहा. ज्या गावाकडे मॉस्कोची एकही गाडी येत नाही तिथेही तोच नियम होता.

ब्रॉडगेज

@पायवाट, किलोमीटर न बदलण्यामागे कारण आहे. पूल, बोगदे, वळणं, सगळ्यांची नोंद किलोमीटरवर असते. नकाशे, तपासणीची रजिस्टरं, दुरुस्तीचे हिशेब, सगळं त्या आकड्याला बांधलेलं. आकडे बदलायचे तर शेकडो बांधकामांचं दप्तर नव्याने करावं लागतं. तरीही तुम्ही सांगितलेलं वाचून अंगावर काटा आला. बहात्तर किलोमीटरचा हिशेब अजून जिवंत आहे.

दुसऱ्या मार्गाचं काय झालं? तिथे आता एकेरी लाइन आहे ना?

पायवाट

हो, एकेरीच. दुसरा मार्ग काढून टाकला आहे. त्यामुळे कितीतरी ठिकाणी दोन बोगदे शेजारी शेजारी दिसतात, एकातून गाडी जाते आणि दुसरा रिकामा. काही जागी जुना दगडी कमानीचा पूल आणि त्याच्या बाजूला नंतरचा, असे दोन्ही. लोक रिकाम्या बाजूने चालत जातात, तंबू ठोकतात. पोलोविन्नायापाशी तर दगडकाम इतकं नेटकं आहे की सांधा शोधावा लागतो. १९८० च्या दशकात या संपूर्ण लाइनला संरक्षण मिळालं, म्हणून हे शिल्लक तरी आहे.

नाटकवेडा

धाग्यात आणखी एक नाव यायला हवं, अलेक्सांद्र वाम्पिलोव्ह. सोव्हिएत रंगभूमीचा हा मोठा नाटककार मूळचा इर्कुत्स्ककडचाच. १७ ऑगस्ट १९७२ रोजी अंगाराच्या उगमाजवळ त्याची होडी पाण्यात बुडत्या ओंडक्यावर आदळून उलटली आणि त्यात तो गेला. पाणी ऐन उन्हाळ्यातही हाडं गोठवणारं. पस्तिसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्याची नाटकं खऱ्या अर्थाने गाजली ती त्यानंतर. त्याचा मित्र, कादंबरीकार वालेंतीन रासपुतिन याचं पोर्ट बैकालला घर होतं. अंगारावरच्या धरणांनी उठवलेल्या गावांचं दुःख ज्याने आयुष्यभर लिहिलं, तो लेखक नेमका याच गावात येऊन राहत होता. आडस्टेशन यांनी जे गावाच्या बाजूने मांडलंय, ते रासपुतिनच्या लेखनात पानोपानी आहे.

मेघना_ठाणे

फेरीबोटींचं पुढे काय झालं ते राहिलंच. आणि समोरच्या लिस्तव्यांकाचं इतकं नाव ऐकू येतं, मग नदीच्या या तीराला कोणीच कसं विचारत नाही?

आडस्टेशन

‘बैकाल’ यादवी युद्धात गेली. १९१८ च्या ऑगस्टमध्ये मिसोवायाला तोफांच्या माऱ्यात तिला आग लागली. नुसता सांगाडा उरला, तो पोर्ट बैकालला ओढून आणला आणि पुढे तोडून भंगारात काढला. ‘अंगारा’ वाचली. बरीच वर्षं धूळ खात पडली होती, मग इर्कुत्स्कमध्ये लोकांच्या आग्रहाने तिची दुरुस्ती झाली आणि आता ती तिथे संग्रहालय म्हणून पाण्यावर उभी आहे. न्यूकॅसलहून आलेल्या जोडीतली ही एकच आज पाहायला मिळते.

लिस्तव्यांकाचं उत्तर रस्त्यात आहे. १९६० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर बैकालला येणार म्हणून इर्कुत्स्क ते लिस्तव्यांका डांबरी रस्ता घाईने बांधला गेला. यू-२ टेहळणी विमानाचं प्रकरण झालं आणि दौरा रद्द झाला, पण रस्ता राहिला. चार वर्षांच्या अंतरात उजव्या तीराला रस्ता मिळाला आणि डाव्या तीराची रेल्वे गेली. त्यानंतर हॉटेलं, संग्रहालय, मासळीबाजार, सगळं उजवीकडे.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: लिस्तव्यांकाहून फेरी पकडा, पण परतीची शेवटची बोट किती वाजता ते आधी विचारून ठेवा. गावात मुक्कामाला घरगुती खोल्या मिळतात. मतान्याने यायचं असेल तर स्ल्युद्यांकाला गाडीच्या आधी दोनेक तास पोचा, कारण तिथलं स्टेशन संपूर्ण संगमरवरी आहे आणि ते निवांत बघण्यासारखं आहे. डब्यात सरोवराच्या बाजूची खिडकी धरा. स्ल्युद्यांकाहून येताना ती उजवीकडे असते.